काकीने फाडलेली बिलं

माणसांसाठी लिहायचं माझं काम गेल्या दोन वर्षांत जवळजवळ बंदच झालं. आता मी यंत्रांसाठी लिहिते. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "म्हणजे नेमकं काय?" असं विचारतो, आणि मी सांगायला लागले की त्याला नेमका फोन येतो. आमच्या मजल्यावरच्या मावशींना मी म्हटलं, एजंटांसाठी लिहिते, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आमच्या भाचीसाठी परळला भाड्याची खोली बघ ना एखादी." बघते म्हटलं. काय करणार!

तर एकदाचं सांगूनच टाकते. परळला जुन्या गिरणीच्या आवारात जी काचेची इमारत उभी राहिली आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी आहे. आम्ही दुकानदारांसाठी बिलं करायचं सॉफ्टवेअर बनवतो. पूर्वी दुकानदाराला बिलांची यादी हवी असली की तो स्क्रीनवर चार ठिकाणी बोट लावून ती काढायचा. आता तो फोनला तोंडी विचारतो, आणि एआय एजंट, म्हणजे आत बसलेला तो बोलका कारकून, यादी काढून त्याला सांगतो. यादी काढायला त्या एजंटकडे एक टूल, म्हणजे एका कामापुरतं अवजार, दिलेलं असतं. त्या टूलचं माहितीपत्रक मी लिहिलं. यादी कशी मागायची, तारीख कुठे घालायची, कुणी बनवलेली बिलं हवीत, कुठल्या स्थितीतली हवीत. स्थिती चारच: कच्चं, दिलेलं, पैसे आलेलं आणि रद्द.

एजंटला जगातलं बाकी कितीही माहीत असो, आमच्या टूलबद्दल त्याला कळतं ते माझ्या त्या दीड पानातून. गावाला जाताना आपण शेजारणीकडे किल्ली आणि चिठ्ठी देऊन जातो, तसंच हे. फरक एवढाच, की चिठ्ठीतलं काही कळलं नाही तर शेजारीण फोन करते. हा शहाणा फोन करत नाही. अंदाजाने काहीतरी करतो आणि वर ठणकावून सांगतो, झालं म्हणून.

आमचा टीम-लीड माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. गिरगावचा, तोंडाने फटकळ, मनाने बरा. माझा पहिला मसुदा वाचून तो म्हणाला, "ताई, मस्त आहे. फक्त एक काम कर ना. दुकानात लोक कसे बोलतात ते पण टाक थोडं. 'बिल मार', 'बिल फाड', 'पार्टी', 'माल उचलला'. लोक फोनला तसंच विचारणार गं."

मी फणकारले. "हे माहितीपत्रक आहे. नाक्यावरची पानाची टपरी नाही."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. एवढी हुशार मशीन आहे म्हणता ना? मग तिला कळेल."

तो खांदे उडवून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

माझ्या त्या फणकाऱ्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती इथे सांगायला हवी. मी वाढले वरळीच्या बीडीडी चाळीत. गिरणी होती तोवर वडील गिरणीत होते. पाचवीला मला दादरच्या शाळेत घातलं. तिथे निबंधात मी लिहिलं होतं, "पाहुणे आले तवा मला लय भारी वाटलं." बाईंनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं, दोनदा, आणि सगळा वर्ग खिदळला. मग बाई मला जवळ घेऊन प्रेमाने म्हणाल्या, "बाळ, घरातली भाषा घरी ठेवायची." त्या प्रेमाचाच मला जास्त राग आला होता. त्या दिवसापासून माझ्या वहीत घरातला एक शब्द दिसला नाही. पुढे कॉलेज, मुद्रितशोधन, भाषांतरं, मग कंपन्यांची माहितीपत्रकं, सगळीकडे मी हेच केलं. माझ्या हातून गेलेल्या मजकुराला कुणी नाव ठेवलेलं नाही, हे मी मिरवायचे. अजूनही मिरवते, खोटं कशाला बोलू!

तर त्या चार स्थिती समजावताना 'रद्द' हा शब्द मला कोरडा वाटला. यंत्राला नीट चित्र दिसावं म्हणून मी लिहिलं: "रद्द, म्हणजे बनवल्यानंतर फाडून टाकलेलं बिल." मला ती ओळ फार आवडली. तीन वेळा वाचली.

मग चाचणीसाठी चार-पाच खरी दुकानं हवी होती. मी म्हटलं, एक मी देते. लालबागच्या मसाला गल्लीतलं दुकान, जिथे मी दर वर्षी शिमगा झाला की मिरच्या घ्यायला जाते. मिरची घ्यायची, देठं काढायची, भाजायची, डंकावर कुटून आणायची. तो सगळा सोहळा मी आईनंतरही सोडलेला नाही. दुकानाचा मालक चाळिशीतला, बापाच्या मागे धंदा चांगला वाढवला, आता राहतो खाडीपलीकडे नव्या मुंबईत. गल्ल्यावर सत्तावीस वर्षं एकच बाई. गल्लीत सगळे तिला काकी म्हणतात. सिंधुदुर्गाकडची, नवरा गिरण्या बंद पडत गेल्या त्या काळात आजारपणात गेला, तेव्हापासून ती ह्या दुकानात. मालक शाळेच्या दप्तरासह दुकानात यायचा तेव्हा त्याला पाच रुपयांचा वडा हीच आणून द्यायची.

काकीचं आणि माझं नातं म्हणजे वर्षातून एक दिवस, पण पक्कं. मला लांबून बघितलं की, "काय गो, यंदा उशीर केलंस? बरी ब्याडगी संपान गेली!" आणि मग काउंटरखालून माझ्यासाठी ठेवलेली पिशवी काढणार. आईचं प्रमाण तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. एकदा मी लवंगी जास्त मागितली तर म्हणाली, "आवशीन तुझ्या कधी एवढी घातली नाय. गप."

टॅबलेट बसवायला आमच्या माणसाबरोबर मीही गेले होते. काकीने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाली, "ह्या काचेवर बिल फाडूचा कसा, ता दाखव पयलां." आयुष्यभर बिलबुकातून पावती टर्रकन फाडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली बाई. तिच्या लेखी बिल बनवणं म्हणजे बिल फाडणंच. मुंबईतल्या कुठल्याही गल्ल्यावर जा, हाच शब्द. मी तो माझ्या कानांनी ऐकला, हसले, आणि तासाभरात ती बाई टॅबलेटवर सराईतासारखी बोटं चालवायला लागली ह्याचं कौतुक करत घरी आले. डोंबलाचं कौतुक! शब्द ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

त्यानंतर दीडेक महिन्याने, एका शनिवारी सकाळी, मी मिरच्या घ्यायला गेले. गल्लीत ठसका, गर्दी, डंकांचा दणदणाट, सगळं नेहमीचं. गल्ल्यावर मात्र काकी नव्हती. मालकाचा मेहुणा बसला होता, एकेक बिल करायला पाच-पाच मिनिटं लावत. मालक स्वतः आत उभा होता. मला बघून बाहेर आला, मोठ्या आदराने स्टूल पुसून दिलं.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे होते. तुमच्या त्या ॲपने पकडलं बघा."

"काय पकडलं?"

तो आवाज खाली करून म्हणाला, "काकींचं. सीझन आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, गल्ला मी महिनाअखेरीच मोजतो, आणि दिवसाची बिलं किती? अठरा. कधी अकरा, कधी चौदा. मी रोज विचारत होतो फोनवर. आठवडाभर. बाकीचा माल काय वाऱ्यावर गेला? बिलाशिवायच देत असणार आणि पैसे..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. "तोंडावर काही बोललो नाही. म्हटलं, काकी, थोडे दिवस घरी आराम करा. त्यांना कळलं काय ते. गल्लीलाही कळलं."

त्याने फोन दाखवला. त्याने विचारलं होतं, "काकीने काल किती बिलं फाडली?" उत्तर होतं, "काकींनी काल फाडलेली बिलं: अठरा." खाली यादी, नुसते नंबर आणि रकमा.

आणि मी काय केलं? मी मान डोलावली. "हल्ली कुणाचा भरवसा देता येत नाही," असंही म्हटलं. माझ्याच तोंडाने. मिरच्या घेतल्या, त्याने भाव कमी लावला, तोही घेतला. घरी येऊन देठं काढताना मला काकीचाच राग येत होता. एवढी वर्षं आपल्याला गो गो करत होती आणि आतून असं! नवरा म्हणाला, "अगं, काकी? शक्य तरी आहे का?" मी त्याला झापलं. "यादीच बघितली मी. यादी खोटं बोलते?"

रविवार तसाच गेला. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मात्र सहजच, केवळ आपलं टूल कसं चाललंय ह्या हौसेने, मी त्या दुकानाच्या नोंदी उघडल्या. मालकाने काय विचारलं आणि एजंटने टूलकडे नेमकं काय मागितलं, हे दोन्ही तिथे ओळीला ओळ लावून दिसतं. प्रश्न: काकीने काल किती बिलं फाडली. मागणी: बनवणारी व्यक्ती, काकी. तारीख, कालची. स्थिती, रद्द.

रद्द.

मी वर-खाली सगळे दिवस बघितले. प्रत्येक दिवशी स्थिती रद्द. एजंटला 'फाडली' हा शब्द मिळाला, त्याने तो माझ्या दीड पानात शोधला, आणि तिथे मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, फाडलेलं म्हणजे रद्द. मालक विचारत होता, किती बनवली. एजंट सांगत होता, किती बाद केली. शब्द दोघांचा एकच, त्यामुळे कुणालाच संशय नाही. मी स्थितीची अट काढून यादी पुन्हा मागवली. त्या अठराच्या दिवशी काकीने एकशे बेचाळीस बिलं केली होती.

आणि ती अठरा रद्द तरी कसली? नोंद उघडली तर प्रत्येकाच्या खाली दोन मिनिटांत त्याच गिऱ्हाइकाचं नवीन बिल. अर्धा किलो वाढव, धणे नको, असं कुणी म्हटलं की काकी बिलात खाडाखोड करत नसे. जुनं बाद, नवं कोरं. बिलबुकापासूनची तिची सवय, कुणी बोट ठेवू नये म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

मी लीडला बोलावून दाखवलं. तो खुर्चीत बसलाच. "आयला, ताई. हे वाईट झालं." मग थोडा विचार करून म्हणाला, "तू जाऊ नको तिथे. मी सेल्सवाल्याला सांगतो. म्हणेल, एआयने गडबड केली, आता दुरुस्त झालंय. सगळेच म्हणतात तसं. एआयच्या नावावर बिल फाडू, मोकळे होऊ."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आपण काय शब्द वापरला. मग मी आधी ती ओळ खोडली. तिथे लिहिलं: "रद्द, म्हणजे बनवल्यानंतर बाद केलेलं बिल." त्याखाली लिहिलं: "दुकानदार 'बिल फाडलं', 'बिल मारलं', 'बिल काढलं' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बिल बनवलं असा घ्यावा. शंका असल्यास यादी देण्याआधी विचारावं." लीडने तिथल्या तिथे वीस प्रकारे विचारून बघितलं. वीसही वेळा बरोबर आलं. मला एक कणभरही आनंद झाला नाही. मी पर्स उचलली आणि लालबागला निघाले. चालतच गेले, बसची वाट बघायला धीर नव्हता.

मालकाला मी आडवळण न घेता सांगितलं. "मशीनची चूक नाही. मी लिहिलेलं चुकलं. काकीने एकही बिल लपवलेलं नाही. बघा." त्याने माझ्या फोनमधली यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. एकशे बेचाळीस. दुसऱ्या दिवसाची एकशे सव्वीस. ही यादी त्याला टॅबलेटवर कधीही बघता आली असती, दोन बोटांचं काम. पण आता यादी उघडून कोण बघतो? विचारलं की सांगतो ना तो! कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी. मालकाचा चेहरा उतरला. मेहुण्याकडे बघून उगाच त्याच्यावर खेकसला. मग म्हणाला, "फोन करतो काकींना."

"फोन नाही," मी म्हटलं. "घरी चला. मी पण येते."

काकी मागच्याच चाळीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून ताटात कुळीथ निवडत होती. आम्हा दोघांना एकत्र बघून तिने ताट बाजूला सारलं, पदर सारखा केला, आणि "या" म्हणाली. बसा म्हणाली नाही. गेल्या अकरा दिवसांत ती वाळल्यासारखी दिसत होती.

मालक म्हणाला, "काकी, त्या मशीनने घोळ केला हो."

"मशीनने नाही, काकी," मी म्हटलं. "मी." आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मी काय लिहिलं, यंत्राने काय धरलं, ह्यांना काय ऐकू आलं. मला वाटलं होतं हे तिला समजावणं कठीण जाईल. तिला पहिल्या फटक्यात कळलं.

"म्हणजे मी फाडलेला म्हणजे बाद केलेला, असां तेका वाटला."

"हो."

"आणि बाद केलेली तेवढीच माझी."

"हो, काकी."

तिने बाजूच्या ताटातला एक खडा काढून टाकला. मग मालकाला म्हणाली, अगदी शांतपणे, "मशीन नवां आसा, बाबू. तेका काय म्हायती मी कोण ती? पण तुका म्हायती होता ना?"

तो खाली बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि गो, तुका?"

मला खोटं बोलता आलं असतं. शनिवारी मी विश्वासच ठेवला नव्हता असं म्हणता आलं असतं. पण मालक शेजारीच उभा होता, आणि तो नसता तरी, तिच्यासमोर ते जमलं नसतं. "शनिवारी ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, काकी," मी म्हटलं. "मला खरं वाटलं. घरी जाऊन मी तुम्हाला शिव्याही घातल्या."

बाहेर गॅलरीत कुणीतरी आमचं बोलणं ऐकायला थांबलं होतं, ते पुढे सरकल्याचा आवाज आला. मालक कसाबसा म्हणाला, "काकी, उद्यापासून या. गल्लीत सगळ्यांसमोर मी सांगतो काय झालं ते. तुम्ही म्हणाल तसं."

"येतंय," ती म्हणाली. "सकाळी नऊक येतंय. सीझन आसा." मग तिने हात जमिनीला टेकून स्वतःला उठवलं आणि दाराची एक फळी लोटली. "आता तुम्ही दोघां जावा. अकरा दिवस मी रडूक नाय. रडलंय असतंय तर सगळे म्हणाले असते, बघा, खरांच खाल्ल्यान पैसे. आता माका रडूचां आसा."

आम्ही बाहेर आलो, आणि तिने दुसरी फळीही लावून घेतली.